वजावट आणि सरव्याची डाळ

"वेच ते."

बाबूंनी माझी बिलं फरशीवर फेकली आणि एवढंच म्हणाले. भर शिक्षकखोलीत. औषधांची बिलं, पुस्तकांची, बसच्या पासची पावती. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी होता, पगारावरच्या आयकराचं विवरण भरायचे दिवस. आमच्या शेलूबाजारजवळच्या शाळेत ते काम कारकून म्हणून बाबूच करायचे.

"तुमच्या लोकाईले सारं सवलतीतच पायजे," ते बाकीच्यांकडे बघून म्हणाले. "नोकरी सवलतीत. आता टॅक्सबी सवलतीत."

कुणीतरी हसलं. मी वाकले. वेचली.

बाकीच्या बायका त्यांच्या तोंडी 'मॅडम'. मी 'तू'. मीही शिक्षिकाच, गणित शिकवते. पण आले बौद्धवाड्यातून.

"स्टँडर्ड डिडक्शन मी बसवून देतो तुले दरसाल. उपकार मान."

मला खरंच वाटायचं, ही स्टँडर्ड डिडक्शनची वजावट बिलं दाखवून मिळते, आणि तीही बाबूंच्या मनात असेल तर. म्हणून रीत पाळायची. तुरी निघाल्या की सगळे त्यांच्या घरी डाळ पोचवायचे. बाकीच्यांची वावरं होती, आमचं नव्हतं. माझी आई लोकांच्या वावरात सरवा वेचायची, म्हणजे कापणीनंतर मातीत राहिलेल्या शेंगा. उन्हात, कंबरेतून मोडून. तिने भरडलेली ती डाळ मी बाबूंच्या ओट्यावर ठेवून यायचे. आत या, असं कधी कुणी म्हटलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना मंगरूळपीरच्या बसमध्ये मी मोबाईलवर आयकर खात्याचंच पान उघडलं. पगार किंवा पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाला ही वजावट. बिल नको, पावती नको. नव्या करपद्धतीत पंच्याहत्तर हजारांपर्यंत. तेवढे पगारातून आधीच वजा करायचे, मग उरलेल्यावर कराचा हिशेब. बाबूला तेवढीच, मला तेवढीच, कलेक्टरलाही तेवढीच.

डोक्यात जाळ झाला. जे माझ्या हक्काचंच होतं, त्याच्यासाठी माझ्या म्हाताऱ्या आईचा सरवा खाल्ला या माणसाने! आणि सवलत म्हणे. तीच सवलत तो स्वतः दरसाल घेत होता, गुमान.

यंदा माझं विवरण मीच भरलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं.

"कोनं भरून देलं?"

"मीच भरलं."

"अन् डाळ?"

"डाळ आमच्या घरी शिजली. अन् मले मॅडम म्हना."

त्याने माझा कागद बोटाने टेबलावरून खाली ढकलला आणि माझ्याकडे बघत राहिला. सगळेच बघत राहिले.

"तुमी पाडला. तुमीच उचला."

मी खुर्ची ओढली, बसले. घंटा झाली. वर्गावर कुणी गेलं नाही. शेवटी तो वाकला.

आता तो मला छळेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. छळू दे. वाकून वेचणं आमच्या घरात आईपाशी संपलं.