कॅमेऱ्याच्या आधीची गोळी

नागपूरच्या डॉक्टरांनी हातावर ठेवलेली पहिली गोळी मी चावून टाकली. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळलेलं तोंड. आत काही पडलं की दाढा आपोआप कामाला लागतात. जिभेवर गोडसर चुरा पसरला.

"अहो, अख्खी गिळायची होती!" डॉक्टर ओरडले. बायकोनं नुसतं छताकडे पाहिलं.

माझ्या पोटात कुठेतरी रक्त झिरपत होतं, कुठे ते कळत नव्हतं. त्यासाठी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची होती. पण आतडं कुठे अरुंद असेल तर ती तिथेच अडकणार, आणि मग पोट उघडावं लागणार. म्हणून आधी ही बिनकॅमेऱ्याची गोळी. उद्या संध्याकाळच्या आत जशीच्या तशी बाहेर पडली तर वाट मोकळी. अडकली तर आतच विरघळेल. मग ऑपरेशनचं बोलू, असं डॉक्टर म्हणाले. दुसरी गोळी मी डोळे मिटून गिळली आणि आम्ही घरी जायला सेलूची बस धरली.

जिच्या स्वयंपाकघरात मला अंघोळीशिवाय पाऊल टाकता येत नाही, तिनं संडासात स्वतःच्या हातानं घमेलं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी बाहेर आलो की ती अंगणात उभीच.

"आणा इकडे, मी पाह्यते. तुम्ही बसा."

आमच्या दुकानातल्या तुरीतला खडा मला चष्मा लावूनही दिसत नाही, हे तिला ठाऊक. ती काडी घेऊन खाली बसायची आणि मी पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभा. लग्नात हिला बरंच काही कबूल केलं होतं. हे त्यात नव्हतं.

सकाळी काही नाही. दुपारी काही नाही. ताटातली पोळी दोघांनाही जाईना.

उन्हं कलली तेव्हा ती किंचाळलीच, "अजी! आली! अख्खी हाय!"

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "कोण आलं वं माय?"

"कोणी नाई! सैपाक करा तुम्ही!"

तिनं गोळी धुतली, उजेडात फिरवून पाहिली. कुठे चरा नाही. मग हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पायरीवर बसून पदर डोळ्यांना लावला. "चहा मांडू काय?" मी विचारलं.

"कालपासून एक शब्द उलटा बोलली नाई मी तुम्हाले," ती म्हणाली. "भेव वाटे. बोलली, अन् काही झालं तं? आता उठा, अन् ते घमेलं घासा."