डावीकडचं दूध

आमच्या नातीला बाळ झालंय. ती मुंबईला असते. फोनवर रोज वाद चालतात, बाळाला अंगावर किती दिवस पाजायचं. डॉक्टरीण एक सांगते, तिची सासू दुसरं सांगते, आणि आमची लेक, म्हणजे बाळाची आजी, म्हणते, बाळालाच विचारा. सगळ्या हसतात. मी फोन कानाला लावून ऐकतो. मला कोण विचारणार? आणि जिला विचारायला हवं होतं ती माझी बायको, गेल्या श्रावणात गेली.

घरात आता मी एकटा. बोलायला कुणी नाही म्हणून लिहायला बसलोय. शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा चुका काढत बसू नका. एक आधीच सांगतो, मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. जन्मभर सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळमाळावर, चिरे काढायच्या खाणीत काम केलं. भर दुपारी कातळावर एकटा असायचो. भुतांना घाबरलो असतो तर उपाशी मेलो असतो.

आमचं घर रत्नागिरीच्या बाहेर, सड्याच्या कडेला. तेव्हा घरात मी, बायको आणि माझी आई. ही लेक आमची दुसरी. तिच्या आधी एक मुलगा होता.

मुलगा दीड वर्षाचा झाला तशी आई म्हणायला लागली, दात आले, आता दूध तोडा. दात आल्यावर पाजलं तर पोरगं आईला खातं, असं ती मानायची. बायकोच्या मनात नव्हतं, पण तेव्हा सासूपुढे तोंड उघडायची तिची टाप नव्हती. मी हातखंब्याच्या पुढे एका खाणीवर होतो, आठवड्याने घरी यायचो. आमच्याकडे दूध तोडायची रीत अशी की तापावर ज्याचा काढा करतात ते किराईत वाटायचं आणि त्याचा लगदा छातीला लावायचा. इतकं कडू की पोर एकदा तोंड लावतं आणि परत जवळ येत नाही. आईने तसं केलं. पोराने दूध सोडलं. मग भातही घेईना, पेजही घेईना. उन्हाळ्याचे दिवस. हगवण लागली आणि गेला. मीच त्याला सड्यावर पुरून आलो. लहान पोराला जाळत नाहीत आमच्यात.

बायकोच्या छातीत दूध अजून होतंच. ते आटावं म्हणून शेजारच्या बायकांनी मोगऱ्याची फुलं आणून छातीवर बांधली. ही पण रीतच. घरभर मोगऱ्याचा वास, आणि एक बाई भिंतीला टेकून बसलेली. दूध आटलं. त्यानंतर तिने केसांत मोगरा कधी घातला नाही.

मग ही लेक झाली. बायकोने मला एकच सांगितलं, "हिचं दूध कुणी तोडायचं नाय. ती आपणहून सोडील तेव्हा सोडील. तोडलं तर ही पण जाईल." मी बरं म्हटलं. आईने ऐकलं. तीन वर्षं तिने हा विषय काढला नाही.

पोर तिसरं ओलांडून गेली तरी पीतच होती. शेतातून धावत यायची, आईच्या पदरात शिरायची. मग प्रत्येकाला तोंड फुटलं. शेजारी एक मुसलमान भाबी होती, नवरा आखातात. ती बायकोला म्हणाली, "बाय, आमच्यात दोन वरसं सांगितलेली हायत. त्याच्या म्होरं तुझं काय काम?" आणि नवऱ्याने पाठवलेला दुधाच्या पावडरीचा डबा आणून दिला. दवाखान्यातली नर्सबाई आली, तिने वेगळंच सांगितलं. म्हणाली, पाजा खुशाल, फक्त बरोबर भात-भाकरी घाला. आई पडवीतून ओरडली, "व्हय तर! लगीन ठरल्यावर पण पाजा. नवऱ्याला सांगा, जरा थांब, बायको प्याली की येईल."

बायको पण हसली तेव्हा. ती शेवटची हसण्यावारी नेलेली गोष्ट.

कारण त्याच सुमाराला आमच्या लक्षात आलं की पोर फक्त उजवीकडे पिते. लहान होती तेव्हा दोन्हीकडे प्यायची. बोलायला लागली तशी डावीकडे तोंडच लावीना. आम्ही म्हटलं, सवय. एकदा बायकोने तिला डावीकडे घेतलं तर पोर मागे सरली, हाताने पदर नीट केला आणि म्हणाली, "ते दादाचं."

दादा कोण, असं बायकोने विचारलं नाही. तिचा हात तसाच राहिला. मी उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होतो.

आता बघा, आमच्या घरात त्या मुलाचं नाव कुणी काढत नव्हतं. गेलेल्या पोराचं नाव जितं पोर ऐकेल तिथे घ्यायचं नाही, ही आईचीच सक्त ताकीद. फोटो तर काढलेलाच नव्हता. मी भाबीला विचारलं, तिच्या पोरींना विचारलं. सगळ्यांनी शपथा घेतल्या. कुणीतरी बोललं असेल, मी अजून तेच म्हणतो. पण एक गोष्ट मला कळत नाही. गाय दोहली नाही तर आटते, हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बायकोची डावी बाजू कुणी पीत नव्हतं, तरी आटली नाही. दुपारी चुलीपुढून उठली की चोळीची डावी बाजू ओली असायची. पोर बाहेर खेळत असली तरी. पोर झोपलेली असली तरी.

पोर जेवायला बसली की पाटाच्या एका टोकाला बसायची. नीट बस म्हटलं तरी सरकायची नाही. मी एकदा दटावलं, "पडशील." तर बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, "मग हा खय बसंल?"

आई त्या दिवसापासून बदलली. थट्टा बंद. रोज एकच धोशा, दूध तोडा, या पोरीवर कुणाचा तरी डोळा हाय. वर बायको सुकत चालली होती. विहिरीवर चक्कर येऊन पडली, भाबीने धरून घरी आणली. आई म्हणाली, "तू मरशील आणि मग पोर काय पील? माझी हाडं?" बायको म्हणाली, "तोडलं तर ती मरल." दोघींचं बोलणं तिथेच येऊन अडकायचं. मी मध्ये बसून जेवायचो.

शेवटी आईने गावदेवीला कौल लावायचं ठरवलं. कौल म्हणजे देवीला प्रश्न. गुरव तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या पाषाणावर उजवीकडे-डावीकडे चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. आम्ही सगळे गेलो, पोरीसकट. गुरवाने कळ्या लावल्या, हात जोडले, आमच्या घरचं गाऱ्हाणं मांडलं, दूध तोडू की नको, दाखव. आम्ही बघत राहिलो.

काहीच पडलं नाही.

पाणी सुकलं की कळी पडायलाच हवी. बाहेर ऊन डोळ्यांवर येत होतं. पाषाण कोरडा झाला, कळ्या माना टाकून काळ्या पडायला लागल्या, तरी जिथल्या तिथे. गुरवाने परत गाऱ्हाणं घातलं. मग डोकं खाजवून म्हणाला, "देवीला पण घरात सासू आसल. म्हणून गप हाय." कुणी हसलं नाही. पोर माझ्या कडेवर होती. सबंध वेळ ती देवीकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती, कुणी बाहेर थांबलं असावं तशी.

घरी आल्यावर आईने पाटा धुतला. काय करणार ते सगळ्यांना कळलं. परसातून किराईत आणलं आणि वाटायला बसली. बायको बघत होती. मला वाटलं भांडेल. ती पडवीत जाऊन बसली, चोळीची गाठ सोडली आणि म्हणाली, "लावा. देव बोलत नाय, तर तुमीच करा. पण तिला काय झालं तर मी तिच्या मागून जाईन. आत्ताच सांगून ठेवते." माझ्याकडे न बघता म्हणाली, पण ते मला होतं.

आईने उजवीकडे हिरवा लगदा थापला. पोर अंगणातून आली, बायकोच्या मांडीवर आडवी झाली आणि तोंड लावलं.

आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. आता थुंकेल, आता रडेल. पोर पीत राहिली. ओठांच्या कडेने हिरवं गळत होतं आणि ती शांतपणे पीत होती, डोळे उघडे ठेवून. कोंबड्या सुद्धा कुठे गेल्या होत्या कोण जाणे, घोट गिळल्याचा आवाज येत होता.

आईला राहवलं नाही. "कडू नाय लागत गो?"

पोरीने तोंड बाजूला केलं. "लागतं."

"मग थुक की!"

"दादाने थुकलान, तर तू परत लावलंस." पोर हे रागाने नाही बोलली. आज काय जेवलीस विचारल्यावर सांगतात तशी बोलली. "आई पाण्याला गेली व्हती तवा त्याच्या तोंडात पण लावलंस."

बायकोने आईकडे बघितलं. मी पण बघितलं. माझी आई म्हणजे तोंडाने वाघीण. खोटं बोललेलं तिने माझ्या बापाचं सुद्धा ऐकून घेतलं नव्हतं. पण हे खोटं, असं तिने म्हटलं नाही. तिचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला. मग तिने आपल्या लुगड्याचा पदर तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि सुनेची छाती पुसायला लागली. पुसत राहिली. सगळं निघालं तरी पुसत राहिली. बायकोने तिचा हात धरून बाजूला केला, तेव्हा थांबली. त्यावर त्या दोघी पुढे कधी एक शब्द बोलल्या नाहीत. आई जाईपर्यंत नाही.

पोर उठून बसली. हाताने तोंड पुसलं. "झालं," म्हणाली आणि खेळायला गेली.

ती परत प्यायला आली नाही. दुसऱ्या दिवशी बायको मांडी घालून वाट बघत बसली. पोर समोरून गेली, आली, भाकरी मागून घेतली. पदराकडे बघितलं पण नाही. डावी बाजू आपोआप आटली, मोगरा बांधावा लागला नाही.

पण बायकोचं भय गेलं नाही, उलट वाढलं. आपणहून सोडील तेव्हा सोडील म्हणणारी तीच बाई, आता पोरीने सोडलं तर तिला वाटायला लागलं, ही जायच्या तयारीला लागली. दिवसभर पोरीच्या कपाळाला हात. जरा शिंकली की हात. शौचाला बसली तर मागे उभी. झोपलेली पोर हलवून जागी करायची. स्वतः डोळा मिटत नव्हती, दुपारी नाही, केव्हाच नाही. पावसाळा लागला, सगळीकडे हगवण सुरू झाली. भाबीच्या धाकटीला झाली, बरी पण झाली. आमच्या पोरीला काही नाही. तरी हिचा हात कपाळावरून हलेना.

एके दुपारी मी पावसामुळे घरीच होतो. पोर चटईवर पडली होती, बायको शेजारी बसून तिच्या नाकापुढे बोटं धरत होती. पोर वैतागली. तिने आईचा हात धरला आणि खाली ठेवला.

"मी नाय जात गो," म्हणाली. "तो गेला. त्याचं प्वाट भरलं. तू नीज."

बायको पोरीच्या बाजूला आडवी झाली. जराशाने मला तिचं घोरणं ऐकू आलं. तोंड उघडं, हात पसरलेले, कुणीतरी उचलून आणून टाकल्यासारखी झोपली होती. दिवेलागण झाली तरी उठेना. आईने मुकाट चूल पेटवली. मी मध्ये एकदा वाकून तिच्या छातीकडे बघितलं, वर-खाली होतेय ना. होत होती.

तशी झोपलेली मी तिला त्यानंतर एकदाच बघितली, गेल्या श्रावणात. तेव्हाही वाकून बघितलं.