तीस सेंटीमीटरची खूण

नवरा गेला तेव्हा काचेच्या टाकीत चौदा गोगलगाई होत्या. हा आकडा त्याचाच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो त्या मोजायचा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायचा. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारच्या चौकटीत १४ आहे. त्याच महिन्यात एका गुरुवारी दुपारी कामावर असताना त्याच्या छातीत दुखलं आणि तो घरी आला नाही. मार्चच्या चौकटीत काही लिहिलेलं नाही.

करंजाड्यातल्या आमच्या घरात मग आम्ही दोघीच उरलो, मी आणि सासूबाई. आम्हाला मूल नाही. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक माल, तेवीस वर्षं हेच करते. सासूबाई उरणकडच्या, मिठागरावर काम केलेल्या घरातल्या. आमचं कधी भांडण झालं नाही. बोलणंही फार होत नसे. जे काही बोलणं व्हायचं ते त्याच्यामार्फत.

गोगलगाई ही त्याची हौस. लिंबाएवढ्या, पिवळ्या शंखाच्या, पाण्यात राहणाऱ्या. सहा वर्षांपूर्वी त्याने पहिल्या चार आणल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमी असल्यांचं कालवन करतो, आन् ह्यो त्यांना काकडी भरवतो." पुढे काकडीच्या चकत्या त्याच कापून द्यायला लागल्या.

तेरावं झाल्यावर मी ठरवलं की टाकी कामोठ्याच्या, शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याला परत द्यायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि न कळणारी गोष्ट घरात ठेवू नये असं मला वाटतं. सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या इथंच राऊ दे गो."

त्या महिन्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी बरं म्हटलं. गोगलगाई जगल्या पाहिजेत हे तेव्हाच ठरलं. रडू मला तेव्हाही आलं नव्हतं, नंतरही आलं नाही. करायला एक काम मिळालं, तेवढं बरं वाटलं.

पहिली एप्रिलमध्ये गेली. गोगलगाय मेली की झोपली हे नुसतं बघून समजत नाही. बाहेर काढून वास घ्यावा लागतो. जिवंत असेल तर पाण्याचा वास, मेलेली असेल तर इतका घाण की शंका राहत नाही. मी वास घेतला आणि ती कागदात गुंडाळून कुंडीत पुरली. चार दिवसांनी दुसरी. बाकीच्यांतल्या काही काचेवर पार वर, पाण्याबाहेर चढून बसायच्या. काही तळाशी शंखाच्या तोंडाचं झाकण लावून पडलेल्या. काकडीकडे कुणी फिरकत नव्हतं.

मी कामोठ्याला गेले. मासेवाला पनवेलचाच, पन्नाशीचा, नवऱ्याचा चांगला ओळखीचा. आधी त्याने गल्ल्यावरून उठून दुःख व्यक्त केलं. मग खुर्ची दिली आणि एकेक प्रश्न विचारत गेला. खाणं किती, पाणी कुठलं, किती दिवसांनी बदलता, गाळणी कधी धुतली. शेवटी म्हणाला, "भाभी, एक बात खरी सांगा. माशांची कुठली दवा तर नाही टाकलीत? त्यात तांबं असतं. माशाला चालतं, गोगलगाईला जहर."

दवा टाकली नव्हती. तसं सांगितलं. त्याने पाणी तपासायची छोट्या बाटल्यांची पेटी दिली आणि कसं तपासायचं ते दाखवलं.

घरी येऊन मी एक वही केली. डाव्या पानावर पाण्याचे आकडे, उजव्या पानावर गोगलगाई. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, आम्लता, कडकपणा. खाली तापमान आणि पाण्याची पातळी. पातळीसाठी नवऱ्याने काचेवर निळ्या पट्टीची खूण केलेली होती, तळापासून तीस सेंटीमीटर. सगळ्यात शेवटी कारणांची यादी केली आणि एकेक तपासून त्यापुढे शेरा लिहायला लागले. 'औषध' यापुढे 'नाही' लिहिलं आणि ती ओळ बंद केली.

पहिल्या दिवशी अमोनिया शून्यावर हवा होता तो अर्धा निघाला. खाणं जास्त पडत होतं. ते निम्म्यावर आणलं आणि एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदललं. आठवड्यात अमोनिया शून्य झाला. गोगलगाई अकरा झाल्या.

मग मला टँकरचा संशय आला. उन्हाळ्यात आमच्या इमारतीला नळाचं पाणी पुरत नाही, आठवड्यातून दोनदा टँकर येतो, आणि त्या दिवशी पाण्याला क्लोरीनचा वास असतो. मी टाकीसाठी प्लॅस्टिकची बादली वेगळी ठेवली, पाणी चोवीस तास उघडं ठेवून मगच घालायला लागले. गोगलगाई दहा झाल्या. मग वाटलं, आपण पितो ते फिल्टरचं पाणी घालावं, ते तर सगळ्यात शुद्ध. दोन आठवडे तेच घातलं. शंखांवर पांढरे खड्डे पडायला लागले. मासेवाल्याला फोन केला तर म्हणाला, त्या पाण्यात काहीच उरत नाही भाभी, शंख कशाने बनणार. कॅल्शियम हवं.

हे मी जेवताना सासूबाईंना सांगितलं. त्या उठल्या, आपल्या पत्र्याच्या डब्यातून पांढऱ्या हलक्या खडूसारखा एक तुकडा काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. समुद्रफेण. उरणच्या किनाऱ्यावर गोळा केलेलं, कधीचं ते त्यांनाही आठवत नव्हतं. मी ते टाकीत ठेवलं. शंख सुधारले. कडकपणाचा आकडा वर आला. गोगलगाई मात्र आठ झाल्या.

मे महिन्याच्या मध्यावर वहीच्या डाव्या पानावरचा प्रत्येक आकडा बरोबर होता. नायट्रेट दहा, आम्लता साडेसात, पातळी तीस. उजव्या पानावर सात. स्टोअरमध्ये असं झालं तर मी म्हणाले असते की नोंद चुकली आहे किंवा कुणीतरी माल हलवतंय. इथे तसं म्हणायला काही जागा दिसेना. संध्याकाळी कामावरून आले की पर्स ठेवायची, हात नुसत्या पाण्याने धुवायचे, झाकण लावून पडलेल्यांचा वास घ्यायचा, नळ्यांमध्ये पाणी भरायचं, रंग जुळवायचा, लिहायचं. सासूबाई मागे खुर्चीवर बसून असत. एकदा म्हणाल्या, "आमचा बाप तर बोट बुडवून जिभेला लावायचा, मीठ कधी बसंल ते सांगायचा. तुझ्या शिशांना इतके दिवस लागतात." मी म्हटलं, माझी जीभ तेवढी चांगली नाही. त्यांना थोडं हसू आलं असावं. मी वळून पाहिलं नाही.

मेच्या शेवटी त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. चार दिवस आम्ही दोघी उरणला राहिलो. गोगलगाईंना चार दिवस उपाशी ठेवलं तर चालतं, असं मासेवाला म्हणाला होता. निघायच्या सकाळी सहा होत्या. परत आल्यावर किती असतील याचा मी विचार केला नाही.

परत आलो तेव्हा पाच होत्या. पण त्यातल्या दोन काचेवरून चालत होत्या, शिंगं बाहेर काढून. एक समुद्रफेणाला चिकटली होती. महिन्याभरात असं दिसलं नव्हतं.

मी वही काढली. अमोनिया तोच, नायट्रेट तेच. सगळं तेच. पातळी मोजायला पट्टी लावली तर साडेअठ्ठावीस.

आधी मी नुसती लिहिली. मग मागची पानं उलटली. तीस, तीस, तीस. पाणी बदलल्याच्या दिवशी तीस आणि न बदललेल्या दिवशीही तीस. मे महिना, वर दिवसभर पंखा, आणि माझ्या टाकीतलं पाणी पाच आठवडे उडत नव्हतं. रोज पट्टी लावून लिहिणारी मी, आणि हे मला दिसलं नव्हतं. जो आकडा बदलत नाही त्याच्याकडे मी बघितलंच नाही.

टाकी साठ सेंटीमीटर लांब, तीस रुंद. दीड सेंटीमीटर म्हणजे दोन लिटर सातशे. चार दिवसांनी भागलं तर दिवसाला पावणेसातशे मिलिलीटर. तेवढं पाणी रोज कुणीतरी भरत होतं. मी नव्हते भरत.

स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर नवऱ्याचा तांब्याचा लोटा पालथा होता. त्या लोट्यात सासूबाई रोज संध्याकाळी पाणी भरून ठेवायच्या आणि सकाळी उठल्या उठल्या तो ते प्यायचा. लग्न होऊन मी आले तेव्हापासून हेच. तो गेल्यावरही लोटा रोज संध्याकाळी भरलेला दिसायचा आणि सकाळी रिकामा, चिंच-मिठाने घासून लखलखीत. मला वाटायचं त्या स्वतः पितात. विचारलं नव्हतं. मापाच्या पेल्याने लोटा भरून पाहिला. सातशे.

मासेवाल्याचा प्रश्न मला तेव्हा आठवला. मी दवा नाही म्हटलं होतं, आणि तांबं शब्द ऐकूनही लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर कामोठ्याला जाऊन तांब्याची वेगळी चाचणी आणली. सकाळी टाकीतलं आणि लोट्यातलं पाणी दोन बाटल्यांत भरून ठेवलेलं होतं. टाकीच्या पाण्याचा रंग बदलला. लोट्याच्या पाण्याचा कितीतरी गडद झाला. बादलीतल्या पाण्याचा अजिबात बदलला नाही. मी तिन्ही आकडे लिहिले.

न सांगताही भागलं असतं. लोटा वरच्या फळीवर ठेवायचा, स्टीलचा काढून द्यायचा, गळतो म्हणायचं. पण मग वहीच्या शेवटच्या पानावर कारणापुढे काय लिहायचं हे मला समजेना. शिवाय त्यांना कुणी खोटं सांगितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा मुलगाही नाही सांगायचा.

त्या कोथिंबीर निवडत होत्या. मी समोर बसले.

"आई, सकाळचं लोट्यातलं पाणी तुम्ही टाकीत घालता?"

"घालते. त्याचं पानी ते. कुनी प्यायला नाय, मोरीत कसं सांडू? त्याच्याच गोगलगाई ना. त्यांना दिलं."

मी सांगितलं की तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर राहिलं की त्यात थोडं तांबं उतरतं, माणसाला ते चालतं, गोगलगाईंना चालत नाही. एवढंच सांगितलं. आकडे सांगितले नाहीत.

त्यांनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली नाही. एकेक पान खुडत राहिल्या, चांगली पानंही देठांत टाकायला लागल्या.

"मंजे मीच," त्या म्हणाल्या.

"मलाही माहीत नव्हतं. मासेवाल्याने पहिल्याच दिवशी तांब्याचं नाव घेतलं होतं. मी लिहिलं नाही."

"तू शिशा घेऊन बसायचीस न् मी मागं बसून बघायचे."

मी देठांमधली पानं वेगळी करायला लागले. जुडी संपेपर्यंत आम्ही दोघी निवडत बसलो. मग त्यांनी आमटी फोडणीला टाकली.

वहीत कारणापुढे मी 'लोट्यातलं तांबं' एवढंच लिहिलं. कुणी घातलं ते लिहायला रकाना नव्हता, आणि मी तो केला नाही. त्या आठवड्यात अर्धं पाणी दोनदा बदललं आणि गाळणीत नवा कोळसा घातला. तांब्याचा रंग फिका होत गेला आणि दहाव्या दिवशी उमटला नाही.

मला वाटलं होतं की त्या आता लोटा भरणार नाहीत. संध्याकाळी नेहमीप्रमाणे भरला. सकाळी मी डबा भरायला आले तेव्हा लोटा टेबलावर माझ्या डब्याशेजारी होता. सासूबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"मंग तू पी," त्या म्हणाल्या.

मला ती चव आवडत नाही. जिभेवर मागाहून काहीतरी राहतं. मी प्याले.

जूनच्या पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, किती? मी पाच म्हटलं. त्यांनी कॅलेंडरच्या मागे खोचलेली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि मी चौकटीत ५ लिहिलं. जुलैच्या चौकटीतही ५ आहे. टाकीतलं पाणी आता दिवसाला चार मिलिमीटर उतरतं, निळ्या खुणेखाली. शनिवारी मी ते बादलीतल्या पाण्याने खुणेपर्यंत आणते.

लोटा रोज असतो. सातशे मिलिलीटर मला एका दमात जात नाही, मध्ये तीनदा थांबावं लागतं. तो एका दमात प्यायचा. मी थांबते तेवढा वेळ सासूबाई हात पुसत उभ्या राहतात. रिकामा झाला की लोटा घेऊन मोरीत जातात आणि घासायला लागतात.