मेश्रामकाकांचं थायलंड

थायलंडला काय काय बघावं, असं मेश्रामकाकांना कुणी विचारलं की ते आधी उलट विचारत, "गुडघे कसे आहेत?" बजेट किती, दिवस किती, बरोबर मुलं आहेत का, यातलं काहीही नाही. अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावातल्या निम्म्या मराठी मंडळींनी हा प्रश्न ऐकलेला होता. भारतात जाताना वाटेत चार दिवस बँकॉकला थांबायची टूम निघाली होती आणि काका तर दर हिवाळ्यात तिकडे जात, तेही एकटे. एकटेच का जातात, याचा निष्कर्ष आमच्या मराठी मंडळातल्या पुरुषांनी आपापसात डोळे मिचकावून कधीच काढून ठेवला होता.

काका मूळचे नागपूरचे, गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये हयात घालवलेले इंजिनियर. गुडघ्यांचा अहवाल ऐकला की ते माणसाची रवानगी ठरवत. ठणठणीत गुडघ्यांना चिआंग मायच्या डोंगरावरचं दोई सुथेप आणि बँकॉकचं वाट अरुण. "तिथल्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत. चढताना देव आठवते, उतरताना मायबाप." कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना अयुथ्या आणि सुखोथाय. "सपाट जागा आहे, सायकल भाड्यानं भेटते. झाडाच्या मुळात बुद्धाचं मस्तक दिसन, तिथं फोटो बसून काढा. त्याच्या वर आपलं डोकं नको." आणि गुडघे कामातूनच गेले असतील त्यांना वाट फोची सोन्याची, पहुडलेली, लांबच लांब मूर्ती. "तो स्वतःच आडवा आहे, तुम्हाला समजून घेईन."

कुणी 'टॉप टेन टेम्पल्स' म्हणालं की ते हळूच म्हणत, "टेम्पल नाही हो, विहार." मग स्वतःच माघार घेत. "जाऊ द्या. तिथल्या बोर्डावर बी टेम्पलच लिहून राहिले."

एकदा मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी मोठ्या मनाने सांगितलं, "आम्हीपण बुद्धाला मानतो हं, मेश्राम. आमच्या लिव्हिंग रूममध्ये आहे ना, फाउंटनवर."

"हाव, पाहिला मी," काका म्हणाले. "पाणी बदलत जा. शेवाळ धरून राहिलं."

अध्यक्ष हसले. काकांच्या बोलण्यावर सगळेच हसत आणि त्यामुळे ते काय म्हणाले याचा विचार करायची वेळ कुणावर येत नसे. काका बौद्ध आहेत हे आम्हा सर्वांना माहीत होतं. ते आपण कधी बोलून दाखवत नाही, हा आमच्या मंडळाला आपला पुरोगामीपणा वाटे.

मी त्यांच्या शेजारी राहायला गेले आणि मला आजी भेटल्या. काकांच्या आई. ऐंशी कधीच ओलांडलेली, दोन्ही गुडघे गेलेले, आवाज मात्र खणखणीत. मला त्या 'पुणेवाली' म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात त्यांचं लहानपण गेलं. तिथल्या मारुतीच्या देवळासमोर त्यांना खालच्या पायरीवरूनही नाही, रस्त्याच्या कडेवरून हात जोडावे लागत. पुढे सासरच्यांबरोबर नागपूरला दीक्षा घेतली. घरातले देव गेले, पण ती पायरी काही मनातून गेली नाही.

एका सकाळी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसताना काकांनी मला त्यांच्या थायलंडच्या वाऱ्यांचं खरं कारण सांगितलं.

"मायले एक देश दाखवाचा आहे मले. जिथं जिकडेतिकडे विहार आहेत आणि एकाही पायरीवर तिले कोणी थांब म्हणत नाही. पण गुडघे असे. म्हणून मी पाहून येतो. रॅम्प कुठे आहे, बसाले खुर्ची कुठे आहे, बाथरूम किती लांब आहे."

म्हणजे आम्ही ज्याला टूर गाइड समजत होतो, तो वर्षानुवर्षं एकाच प्रवाशाची तयारी करत होता. आमचे गुडघे त्यांच्या चाचणीच्या कामी येत होते. परत आलेल्या प्रत्येकाला ते कुठे दुखलं, कुठे दम लागला हे बारकाईने विचारत, आणि आम्हाला वाटे, किती आस्था आहे हो माणसाला.

काकू हयात नव्हत्या. आजींच्या सोबतीला कुणीतरी बाई हवी म्हणून त्या जानेवारीत मीही बरोबर गेले. काकांच्या तयारीला तोड नव्हती. व्हीलचेअर कुठून आत न्यायची, सावली कोणत्या बाजूला असते, सगळं त्यांना पाठ होतं. वाट फोच्या दालनात आजींनी ती मूर्ती डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतली. मग म्हणाल्या, "एवढी जागा भेटली बाप्पा झोपाले." काका लहान मुलासारखे खूश झाले.

बाहेर अंगणात एक वयस्कर भिक्खू समोरून आले. आजींनी खुर्ची थांबवायला लावली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि वाकल्या. नागपूरच्या विहारात भन्तेंच्या पायावर डोकं ठेवायची त्यांची सवय होती. त्यांची बोटं पोचणार तोच ते भिक्खू चटकन दोन पावलं मागे सरले.

काका खुर्ची सोडून पुढे आले. आजी तशाच वाकलेल्या राहिल्या. भिक्खूंबरोबरचा एक शिष्य इंग्रजीत घाईघाईने सांगू लागला की नियम आहे, भिक्खूंना स्त्रीचा स्पर्श चालत नाही, कृपया गैरसमज नको. भिक्खू स्वतः ओशाळून उभे होते. मी आजींना मराठीत समजावलं.

"सगळ्याच बायांचा?" आजींनी विचारलं.

"सगळ्यांचा."

"राणी आली तर?"

"तिचाही."

"आन तुहा? पुणेवालीचा?"

"माझाही नाही चालत, आजी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "मंग ठीक हाय. ये, बस माझ्याजवळ."

आजींचं समाधान झालं, काकांचं नाही. आजींना सगळ्यांना सारखंच लांब ठेवलेलं पुरेसं होतं. काकांना लांब ठेवणंच नको होतं. परतीच्या विमानात ते एवढंच म्हणाले, "सगळं पाहून ठेवलं होतं मी. मायसंगं गेल्याशिवाय हे दिसलं नसतं." नियमाचा इतिहास त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. त्याने राग काही कमी झाला नाही.

मार्चमध्ये त्यांनी आम्हा दोघींना गाडीत घातलं आणि शेजारच्या ओहायो राज्याकडे निघाले. कुठे ते सांगेनात. टायरच्या दुकानामागे एक भाड्याचं घर होतं, पुढे कचऱ्याचे डबे. ना कळस ना सोनं. दार एका भिक्खुणीने उघडलं. गोरी, साठीची, भगव्या चीवरावर जाड स्वेटर. काकांनी ठिकठिकाणी फोन करून, एकेक गोष्ट विचारून तिला शोधून काढलं होतं.

आत गालिच्यावर आजी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. या वेळी मात्र त्या लगेच वाकल्या नाहीत. हात अर्ध्यावर थांबवून त्यांनी काकांना म्हटलं, "इचार तिले. शिवू का?"

काका इंग्रजीत बोलायला गेले. तीस-पस्तीस वर्षं अमेरिकन साहेबांशी भांडलेल्या या माणसाला तेवढं एक वाक्य पुरं करता येईना. इंग्रजीत त्याला 'टच' म्हणतात, एवढंच. त्या एका शब्दात आजींनी काय विचारलं होतं, ते त्या बाईला कसं सांगणार? काका रडत होते.

भिक्खुणी आमच्या भाषांतरासाठी थांबली नाही. ती पुढे आली आणि तिने आजींचे ते अधांतरी राहिलेले दोन्ही हात आपल्या हातात घेतले.