खांदा माझा आहे

सरांनी माझे हात नाकाजवळ नेले आणि सगळ्यांसमोर तोंड वाकडं केलं.

"रापणीवर गेली होतीस?"

मी मान डोलावली.

"मग आधी हे धू. तलाव आहे हा, मासळीबाजार नाही."

त्यांनी शिपायाला फिनेल आणायला लावलं. दोर ओढून माझे तळहात सोलले होते. त्यावर फिनेल. डोळ्यांत पाणी आलं, पण ओरडले नाही. मुली हसत होत्या. बाकीच्या घरी गेल्यावरही मला एकटीला पोहत ठेवलं. शिक्षा म्हणून.

मी मालवणच्या किनाऱ्यावरची, मासेमाराच्या घरातली. शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धेत पहिली आले म्हणून सरांनी मला क्लबात फुकट घेतलं. तेव्हापासून सगळं बंद. कबड्डी बंद. सायकल बंद. रापण तर नाहीच. एकच खेळ, रोज, रविवारीसुद्धा. मला पोहण्याचाच तिटकारा यायला लागला. उजवा खांदा केस विंचरतानाही ठणकायचा. मी दुखणं अंगावर काढत होते.

आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "सर सांगतत तसा कर गो बाय. आमका फुकट कोण शिकयता?" घरात उपकाराचं ओझं, तलावावर सर. पळणार कुठे?

म्हणून त्या दिवशी चोरून गेले होते. अख्खा वाडा, म्हणजे आमची सगळी वस्ती, किनाऱ्यावर उभा राहून समुद्रातलं जाळं ओढतो, ती रापण. दोर धरून मागे मागे सरकायचं. वर पोचलं की दोर सोडायचा, चालत पाण्यापाशी यायचं आणि पुन्हा धरायचा. त्या परतीच्या चालण्यात दम घेता येतो. कुणी हात झटकतं, कुणी चेष्टा करतं. तेवढा वेळ दोर सोडला म्हणून कुणी कुणाला आळशी म्हणत नाही. खांदा तेव्हाही दुखलाच, पण कित्येक दिवसांनी मी हसले होते.

राज्याच्या संघाची निवड जवळ आली, आणि सरांची मुलगी ईशा दिसेनाशी झाली. तीही आमच्याच संघात होती. एका बाईंनी सरांना विचारलं. मी तेव्हा काठ धरून दम घेत होते.

"तिला आठवडाभर आंबोलीला पाठवलंय," सर म्हणाले. "आल्यावर थोडं बॅडमिंटन. एकच एक करून मुलींचे खांदे जातात हो. मनही विटतं."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आणि ही?"

सर हसले. "हिला काय धाड भरलीय? ह्या लोकांची हाडं राबायचीच असतात."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं! मला वाटायचं सर कडक आहेत, खेळाडू असाच घडत असेल. छे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. विश्रांती ईशासाठी, आणि मी घाण्याला. इतका संताप मला कधीच आला नव्हता.

मी पाण्याबाहेर आले.

"कुणी सांगितलं बाहेर यायला?"

तलावावर मालवणी बोलायला बंदी होती. तोंडून तीच आली. "माझो खांदो दुखता. आज मी पाण्यात उतरूचंय नाय."

"मग उद्याही येऊ नकोस."

"नाय येवचंय."

संघातून माझं नाव गेलं. आई माझ्याशी बोलेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबून पाहिला. "पोहणं सध्या बंद. बरं वाटलं की दुसरं काहीतरी खेळ. इतके दिवस दाखवलं का नाहीस?"

आता खांदा बरा आहे, आणि सरांचा निरोप आलाय. सगळ्या मुलींसमोर माफी माग, परत घेतो. आमच्या आवाक्यात दुसरा तलाव नाही, आणि मला पोहायचं आहे. हे ते पक्कं ओळखून आहेत. आई म्हणते, "माग गो एकदा. तुझा काय जाता?"

उद्या मी तलावावर जाणार आहे. माफी मागायला नाही. आमच्या वाड्यातल्या दोन लहान पोरी तिथे नव्याने लागल्यात, माझ्यासारख्याच फुकट. त्यांना सरांच्या देखत, मोठ्याने सांगणार आहे, "खांदो दुखलो तर भायर येवा. कोणाक इचारू नकात."

मग तलाव मला कायमचा बंद झाला तरी होऊ दे.