मोठ्या बाईंचे मंगळवार

नवरा अकाली गेला, तेव्हापासून आईने लेकीला एकटीने वाढवलं. तीस वर्षं ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. भल्याभल्या डॉक्टरांना गप्प बसवायची, म्हणून सगळे तिला ‘मोठ्या बाई’ म्हणत. पाण्याला मात्र इतकी भ्यायची, की लेकीला तिने कधी तळ्याकाठी फिरकू दिलं नाही.

आई जाऊन महिना झाला तेव्हा लेकीने तिचं कपाट आवरायला काढलं. टॉवेलांच्या घड्यांखाली हाताला लागला निळा पोहायचा पोशाख. वापरून वापरून विटलेला.

“मावशी, हा कुणाचा गं?”

मावशी पलंगावर बसून उशांचे अभ्रे काढत होती. तिने जीभ चावली. “तुझ्या आईचाच. दर मंगळवारी गुडघ्याच्या व्यायामाला जायची ना, तो हा व्यायाम!”

“आणि मला पत्ता नाही?”

“तुला सांगितलं असतं, तर शिकवतं कोण ते विचारलं असतंस.”

“कोण शिकवायचं?”

“घ्या! विचारलंसच,” मावशी हसली. “पुलाजवळचा चष्मेवाला.”

दुसऱ्या दिवशी लेक त्या दुकानात गेली. सत्तरीचे, पांढऱ्याशुभ्र केसांचे काका भिंग पुसत होते. तिला पाहताच त्यांनी खुर्ची पुढे केली. “नाक आईचंच,” ते म्हणाले.

त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. सहा वर्षांपूर्वी बाई चष्मा करायला आल्या, भिंतीवर काकांचा तलावातला फोटो पाहिला आणि विचारलं, “साठीला पोहणं शिकता येतं का हो?” पहिला महिनाभर त्या पायरीच सोडेनात. वर काकांवरच डाफरायच्या, जणू पाणी त्यांनीच खोल केलंय. तिसऱ्या महिन्यात पाठीवर तरंगल्या आणि मोठ्याने हसल्या.

“त्या हसण्यानेच मी कामातून गेलो,” काका म्हणाले. “दोनदा लग्नाचं विचारलं.”

“मग?”

“म्हणाल्या, ‘मंगळवारी मी खुशीत असते. रोज तुमचे मोजे शोधावे लागले, तर ती खुशी टिकायची नाही.’”

लेकीला हसू आवरेना. अगदी आईच बोलली होती. हसता हसता डोळे भरून आले. आई एकटी पडली, या विचाराने इतकी वर्षं तिचं मन तिला खात होतं. ते आता शांत झालं.

“मला का नाही सांगितलं तिने?”

“आधी तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करते, मग सांगते म्हणायच्या. गेल्या उन्हाळ्यात केलाही. मग लाजल्या.”

“आई? आणि लाजली?”

“कानांपर्यंत लाल!”

लेकीने काकांना रविवारी जेवायला बोलावलं. आई कुणाला जास्त कळली होती, यावरून मावशीची आणि त्यांची ताटावरच जुंपली. लेक वाढायचं विसरून ऐकत राहिली.