भाताचा डाव आणि वजनाचा काटा

परवा साकोलीला पुष्पाकडे जेवायला गेले होते. तिने भाताचा डाव उचलला, मला एक प्रश्न विचारला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं... तिची सून बघतच राहिली. जेवता जेवता सुनेला जे सांगितलं, तेच इथे लिहितेय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा फॅक्टरीत होते, आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. क्लबच्या हॉलमध्ये तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गाद्यांवर ताडपत्री ताणून आमचे सर आम्हा मुलींना जुडो शिकवायचे. जुडो म्हणजे काय हे सांगता सांगता आमच्या घरच्यांच्या नाकी नऊ यायचे.

त्या वर्षी जिल्ह्याची निवड आमच्याकडेच होती. आपल्या वजनी गटात जी जिंकेल ती नागपूरला जाणार, आणि तिथून राज्याच्या संघात. मला ते इतकं हवं होतं की झोपेतसुद्धा मी उशीला धोबीपछाड द्यायचे.

बाहेरगावच्या मुली घरोघरी उतरवल्या होत्या. आमच्याकडे आली पुष्पा. साकोलीजवळच्या खेड्यातली, धान लावणाऱ्या घरातली, आणि नेमकी माझ्याच गटातली!

आईला त्याचं काय? पाहुणी आली एवढंच तिला कळलं. सुवासिक चिन्नोरचा भात, पाटवडीचा रस्सा, लाखोरीच्या डाळीचे वडे... "घे वो माय, लाजू नोको, किती वाळली तू," म्हणत आई वाढत गेली. पानात टाकायचं नाही या शिकवणीतली पुष्पा मुकाट्याने खात गेली. मी कितीही जेवले तरी काडीपैलवानच, त्यामुळे वजनाचा विचार मला शिवलासुद्धा नाही.

सकाळी हॉलमध्ये वजनं झाली. धानाची पोती मोजायचा काटा आणला होता. गट अठ्ठेचाळीस किलोचा, आणि पुष्पा भरली त्याच्या पाऊण किलो वर... सर म्हणाले, तासाभराने पुन्हा वजन घेऊ, नाही उतरलं तर बाद.

खोटं कशाला बोलू, मला मनातून गुदगुल्या झाल्या. गटात आम्ही दोघीच होतो. म्हणजे न खेळता नागपूर!

आई त्या दिवशी पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आली होती. भिंतीशी रडत उभ्या असलेल्या पुष्पाजवळ गेली, "कायले रडून राहिली?" म्हणून विचारलं. काय झालं ते कळलं आणि आईचा चेहराच उतरला.

मग माझ्याकडे वळली. "माह्या हातचं खाऊन पोरगी बाद झाली त मी कोनाले तोंड दाखवू? चाल, तू बी पय तिच्यासंगं!"

मी कुरकुरले. आईने एकदाच माझ्याकडे बघितलं... संपलं. ती घरी जाऊन बाबांचं स्वेटर, स्वतःची शाल, काय मिळेल ते घेऊन आली, घाम निघावा म्हणून पुष्पाला गुंडाळलं आणि आम्ही दोघी पळत मैदानाला फेऱ्या मारू लागलो. कडेकडेने आई चालत होती. हातात पाण्याचा गडू, पण पाणी द्यायचं नाही असं सरांनी बजावलेलं. तहानलेल्या पोरीला पाणी नाही म्हणताना तिचा जीव नुसता वरखाली होत होता. पुष्पा थांबली की मीच तिचा हात धरून ओढायचे. का, ते तेव्हा मलाही कळलं नाही.

दुसऱ्यांदा काटा बरोब्बर अठ्ठेचाळीसवर थांबला. आईने काट्यालाच हात जोडले.

आणि मग पुष्पाने मला हरवलं. धानाचे भारे उचलणारे हात ते... माझी कॉलर धरली, कमरेवर घेतलं आणि ताडपत्रीवर उताणं पाडलं. मी खूप रडले. नागपूरला ती गेली, तिथून राज्याच्या संघातही गेली. पुढे साकोलीतच खेळाची शिक्षिका झाली आणि कितीतरी पोरींना तिने जुडो शिकवलं.

त्या दुपारी आईने आम्हा दोघींची ताटं शेजारी मांडली. मी अजून मुसमुसत होते. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मला आधी वाढलं. मग पुष्पाच्या ताटावर डाव नेला, मध्येच थबकली आणि घाबरून विचारलं, "उद्या वजन-गिजन नाही ना वो माय?"

रडता रडता मला हसू फुटलं. पुष्पा तर ठसका लागेपर्यंत हसली.

त्यानंतर आईने जन्मभर प्रत्येक पाहुण्याला हे विचारलं. जावयांना, व्याह्यांना, पोस्टमनला पोहे देतानासुद्धा. ते बिचारे गोंधळायचे आणि आम्ही हसायचो.

आईला जाऊन आता वर्ष झालं. वर्षभर आमच्या घरात कोणी ते विचारलं नव्हतं. परवा पुष्पाने भाताचा डाव माझ्या ताटावर धरला, थबकली, आणि अगदी आईच्याच आवाजात म्हणाली, "उद्या वजन-गिजन नाही ना वो माय?"

नाही गं, म्हटलं. वाढ... अजून वाढ.